शुगरसाठी आयुर्वेदिक पावडर, काढे आणि गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुगरच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकली की गिऱ्हाईक जरा पुढे झुकून, आवाज खाली आणून विचारतं, ‘मॅडम, ह्यापेक्षा काही आयुर्वेदिक नाही का?’ ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलमध्ये हा प्रश्न रोजचाच आहे. मी फार्मासिस्ट आहे. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण लिहून दिलेलं औषध तुमच्या घरातल्या दुसऱ्या कशाशी भांडतंय का, हे बघणं नक्कीच आहे. पुष्कळदा ते मला बघताच येत नाही, कारण घरात काय चाललंय ते कोणी सांगत नाही.

ही उत्तरं टाइप टू मधुमेहासाठी आहेत. टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तिथे कुठल्याही पावडरीच्या भरवशावर इन्सुलिन थांबवणं जिवावर बेततं.

झाडपाल्याने शुगर खरंच उतरते, की सगळं थोतांड आहे?

थोतांड नाही. आज जगात सर्वाधिक दिली जाणारी मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, हिचं मूळ एका झुडपातच आहे. गॅलेगा नावाची ही वनस्पती युरोपात जुन्या काळापासून वापरात होती. तिच्यातल्या गॅलेजिन या घटकाने साखर उतरते हे कळलं, पण तो घटक विषारी निघाला. त्याच्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झां स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामुळे झाडाला नावं ठेवण्याचं कारणच नाही. अडचण मोजमापाची आहे. गोळीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर आत तेवढंच असतं. मूठभर पाल्यात किती आहे, हे जमीन, पाऊस आणि तोडणीचा महिना ठरवतो.

‘उतरली’ म्हणजे किती उतरली, हेही विचारायला हवं. सकाळी ग्लुकोमीटरवर १६० च्या जागी १४५ दिसले म्हणून काही सिद्ध होत नाही, आदल्या रात्री भात कमी खाल्ला तरी तेवढा फरक पडतो. खरा हिशोब एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या टेस्टचा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तात किती साखर फिरली याची खूण त्यांच्यावर राहते. हा आकडा का सांभाळायचा? इंग्लंडमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि वीसेक वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासात ज्यांचा एचबीए१सी एक टक्क्याने कमी होता, त्यांच्यात डोळे आणि किडनी यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या. एखाद्या चूर्णाने हा आकडा हलला तर ते माझ्या लेखी औषध. नुसतं बरं वाटणं पुरेसं नाही, कारण शुगर २५० असतानाही माणसाला बरंच वाटत असतं.

मेथीदाण्याचं पाणी रोज घेते. चालेल ना?

चालेल, पण पाणी पिऊन दाणे टाकून देत असाल तर कामाचा भाग टाकताय. मेथीचा गुण मुख्यतः तिच्या चिकट तंतूंत आहे. ते पोटात फुगतात आणि जेवणातली साखर रक्तात हळू जाऊ देतात. ते तंतू दाण्यात राहतात, पाण्यात थोडेच उतरतात.

दुसरी गोष्ट मात्रेची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर जे प्रयोग झाले, त्यात दिवसाला २५ ग्रॅमपासून थेट १०० ग्रॅमपर्यंत मेथीची पूड जेवणात घातली होती. आपण रात्री भिजवतो तो एक चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम. त्या चमच्याकडून प्रयोगाएवढी अपेक्षा ठेवून गोळी बंद करणं बरोबर नाही. मेथी मला स्वतःला आवडते. थालीपिठाच्या भाजणीत घाला, मोड आणून उसळ करा, भिजवलेले दाणे चावून खा. सुरुवातीला पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी आणि मेथी यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका, आणि गरोदरपणात भाजीपलीकडे औषध म्हणून घेऊ नका.

सकाळी फिरून येताना कारल्या-दुधीचा रस पितो. त्याने तरी अपाय नाही ना?

इथे मी नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात बोलते, कारण हा रस एखाद्या सकाळी घात करू शकतो.

आधी कारल्याचं सांगते. कारल्यात साखर उतरवणारे घटक आहेत, प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दिसतं. पण माणसांवरच्या अभ्यासांचा २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी आढावा घेतला तेव्हा चार अभ्यास आणि ४७९ माणसं एवढंच हाती लागलं, आणि त्यावरून कारलं मधुमेहात उपयोगी पडतं असं म्हणता येईना. कारल्याची भाजी जरूर खा. गूळ-चिंच घालून केलीत तर गुळाचा हात आखडता घ्या. रसाचा मोठा ग्लास रोज रिकाम्या पोटी घेतला तर पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात. ज्यांना जी सिक्स पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे, त्यांच्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो.

आता दुधी. दुधी, काकडी, दोडका या सगळ्या वेलवर्गात कुकुरबिटॅसिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं. एरवी दुधीत ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात खूप वाढतं आणि ते फळ कडू लागतं. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा असा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. तेही मधुमेही होते, आणि रसात दुधीबरोबर कारलं होतं. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचं म्हणणं दोन वाक्यांत सांगता येतं: कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नका, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. कारल्याच्या कडवटपणात दुधीचा कडवटपणा लपतो आणि जिभेने दिलेला इशारा हुकतो. तलावपाळी असो की वाशीची एखादी बाग, बाहेर मांडलेल्या बरणीत कुठला दुधी गेला हे रस देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घरी रस करत असाल तर दुधीची चकती आधी चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी टाका. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर लिंबू-पाण्यावर भागवू नका, लगेच रुग्णालय गाठा. उलटीत रक्त दिसलं तर एक मिनिटही घालवू नका.

जांभळाच्या बियांची पावडर?

मे अखेरीला जांभळी नाक्यावर टोपल्या लागल्या की ही पावडर आठवतेच. बियांचा उपयोग आयुर्वेदात जुना आहे, पण माणसांवरचे चांगले अभ्यास थोडे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन पाहिला, त्याने साखर उतरली नाही. फळ म्हणून दहा-बारा जांभळं खा, आनंदाने खा. पावडरीवर गोळी सोडू नका.

गुडमारने साखरेची चवच जाते. मग आजारही जात असेल ना?

चव जाते हे खरं आहे. गुडमारचं, म्हणजे मधुनाशिनीचं, पान चावून साखर तोंडात टाकली तर वाळू खाल्ल्यासारखं लागतं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीव थोडा वेळ अडवतात. जेवणानंतर हमखास गोड लागणाऱ्या माणसाला त्याची मदत होऊ शकते. पण जीभ आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड ही दोन वेगळी ठिकाणं आहेत.

१९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी २२ टाइप टू रुग्णांना गुडमारचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम, दीड वर्षाहून जास्त काळ दिला. पाच जणांच्या नेहमीच्या गोळ्या थांबवता आल्या. जाहिराती नेमकं एवढंच सांगतात. माणसं फक्त २२ होती, अर्क नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला दिला होता आणि गोळ्या देखरेखीखाली कमी केल्या होत्या, हे सांगायचं राहून जातं. उरलेल्या १७ जणांना गोळी लागतच राहिली.

विजयसारच्या लाकडी पेल्यातलं पाणी पितो. रंग छान लाल-तपकिरी येतो.

विजयसार म्हणजे आपल्या सह्याद्रीतला बिबळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर अनेक केंद्रांत मिळून अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. वनौषधींच्या एकूण पुराव्यात हा मला लक्ष देण्याजोगा वाटतो. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि रुग्णांना दिला होता तो दिवसाला २ ते ४ ग्रॅम अर्क, पेल्यातलं पाणी नव्हे. पेला महिना-दोन महिन्यांनी फिका पडतो, म्हणजे रोजची मात्रा वेगळी. शिवाय रात्रभर पाणी ठेवून तो ओलाच राहिला तर बुरशी धरते, पावसाळ्यात तर हमखास. वापरत असाल तर रोज घासून, उन्हात कोरडा करा.

दालचिनीचं काय?

चहात चिमूटभर घाला, काही बिघडत नाही. चमचा-चमचा पावडर रोज गिळणाऱ्यांशी मात्र मला बोलायचं आहे. बाजारात दोन जातींची दालचिनी मिळते. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये दोन्ही हातात घेऊन बघा. जाड, टणक, एकाच वळकटीची साल ती कॅशिया. पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडता येणारी ती श्रीलंकेची. कॅशियात कुमारिन भरपूर असतं, आणि ते जास्त झालं तर काहींच्या यकृताला बाधतं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने कुमारिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. कॅशियाची चमचाभर पूड ही मर्यादा सहज ओलांडते. पाकिस्तानात २००३ मध्ये ६० रुग्णांवरच्या एका अभ्यासात साखर छान उतरलेली दिसली, पुढचे अभ्यास एकमेकांशी जुळले नाहीत.

गॅलरीत ‘इन्सुलिनचं झाड’ लावलंय. रोज एक पान खाऊ?

झाड देखणं आहे, राहू द्या. पानात इन्सुलिन नसतं, आणि असतं तरी पोटात पचून गेलं असतं. इन्सुलिन टोचूनच घ्यावं लागतं ते याच कारणासाठी.

गुळवेल आणि हळदीच्या कॅप्सूल तरी निर्धोक आहेत ना?

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले, सगळे गुळवेल घेणारे होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असू शकते. हा वाद एका बाजूला ठेवला तरी माझ्या गिऱ्हाइकाचा प्रश्न उरतोच: कुंपणावरून तोडून आणलेला वेल नेमका कुठला, हे घरात कोण ओळखणार?

फोडणीतल्या हळदीला कोणी दोष देत नाही. कॅप्सूलमध्ये मात्र हळदीचा दाट अर्क असतो आणि तो अंगात जास्त शोषला जावा म्हणून मिरीचा घटक घातलेला असतो. अशा कॅप्सूलमुळे यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, यातलं काहीही दिसलं की कॅप्सूल बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

सरकारी संस्थांनी बनवलेल्या तयार गोळ्या मिळतात, त्या घेतल्या तर?

पुडीपेक्षा त्या केव्हाही बऱ्या, कारण आत काय आहे ते लिहिलेलं असतं. लखनौच्या सीएसआयआर प्रयोगशाळांत तयार झालेल्या बीजीआर-३४ मध्ये दारुहळद, गुळवेल, विजयसार, गुडमार, मंजिष्ठा, मेथी आहे. आयुष-८२ मध्ये कारलं, जांभूळ, आंब्याची कोय, गुडमार आणि शिलाजित. म्हणजे बरीचशी वर ज्यांच्याबद्दल बोललो तीच मंडळी. वर्षानुवर्षं हजारो लोकांत डोळे, किडनी, हृदय वाचतात का, असा जो अभ्यास नेहमीच्या गोळ्यांचा झाला आहे, तसा यांचा झालेला नाही. डॉक्टरांच्या माहितीने जोडीला घेता येतील. बदली म्हणून नाही.

नातेवाइकांनी गावाहून पुडी आणली. नाव नाही, पण शुगर दोन दिवसांत खाली आली!

दोन दिवसांत खाली आली, म्हणूनच मला भीती वाटते.

वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारे एक काका सकाळी अकराच्या सुमारास गॅसची गोळी मागायला आले. ‘गॅस वर चढलाय, डोकं हलकं झालंय,’ म्हणत होते. शर्ट पाठीला चिकटला होता आणि पैसे मोजताना हात थरथरत होता. खुर्चीवर बसवून बोटाला टोचलं तर शुगर ५८. ग्लुकोज पाण्यात कालवून दिलं, थोड्या वेळाने घाम ओसरला. मग त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली, तोंडाला स्टेपल मारलेली. आत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या, आणि वहीच्या कागदावर बॉलपेनने ‘सकाळ-संध्या. २’. बस, एवढंच. डॉक्टरांनी दिलेली ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी त्यांची चालूच होती.

अशा बिननावाच्या गोळ्यांत काय सापडतं, हे वेगवेगळ्या देशांच्या तपासण्यांतून समोर आलेलं आहे: ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन, कधी धोकादायक ठरून बाजारातून गेलेलं फेनफॉर्मिन. म्हणजे ज्या ॲलोपॅथीच्या गोळीला घाबरून पुडी घेतली, तीच गोळी पुडीत, किती मात्रेत ते न लिहिता. सिंगापूरमध्ये २००८ साली कामोत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड निघालं. १५० जण शुगर उतरून रुग्णालयात दाखल झाले, चौघे दगावले. जडधातूंचाही प्रश्न आहेच. अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. हा अभ्यास २००४ चा.

ग्लिबेनक्लामाइडसारख्या औषधाने उतरलेली शुगर एकदा वर आली म्हणून संकट टळत नाही. वयस्कर माणसात ती दिवसभर पुन्हापुन्हा उतरू शकते. त्या काकांना मी घरी नव्हे, रुग्णालयात जायला सांगितलं, आणि पुडी सोबत न्यायला सांगितली.

गोळीही घेतो आणि काढाही. एकत्र घेतल्याने काय होईल?

कुठली गोळी आहे त्यावर ठरतं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर फार खाली जाण्याची भीती कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर जोडीच्या काढ्याने शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. त्यातून सकाळची घाई. गोळी घेतली, काढा प्यायला, नाश्ता ऑफिसात करू म्हणून डबा पिशवीत टाकला आणि लोकल उशिरा आली, की ठाणे स्टेशनच्या पुलावरच घाम फुटतो.

असं झालं तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या आणि मग काहीतरी खा. एक बारीक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तीन औषधं एकत्र असलेल्या बऱ्याच गोळ्यांत व्होग्लिबोज असतं, तर घरची साखर पोटात फुटायला वेळ लागतो. अशांनी ग्लुकोज पावडरच बाळगावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पंचकर्मातलं विरेचन, रसांवरचा उपवास, जुलाब यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा फार वाढलेला नसतो, म्हणून फसगत होते. असं काही करायचं ठरवण्याआधी गोळी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांना विचारा.

मेटफॉर्मिनने किडनी जाते म्हणतात. त्यापेक्षा आयुर्वेदिक बरं ना?

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं चढलेली शुगर आणि रक्तदाब. किडनी आधीच फार मंदावली असेल तर मेटफॉर्मिन अंगात साचतं म्हणून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा बंद करतात, आणि त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं, ते मधूनमधून तपासून घ्या. ज्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं आहे, त्यांनी तर अनोळखी भस्मं आणि काढे चार हात दूर ठेवावेत.

मधुमेह मुळापासून बरा करण्याची गॅरंटी देतात. खरं असतं का?

नाही, आणि तशी जाहिरात करणं बेकायदा आहे. औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत मधुमेह स्पष्ट लिहिलेला आहे.

पण ‘गोळीशिवाय शुगर नॉर्मल’ हे अशक्य नाही, आणि ते लोकांना सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायरेक्ट या अभ्यासात निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या जाड रुग्णांचं वजन कडक देखरेखीखालच्या आहाराने उतरवलं. वर्षभरानंतर ४६ टक्के जणांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. वजन परत वाढलं तसा अनेकांचा मधुमेहही परतला. म्हणून डॉक्टर ‘बरा झाला’ न म्हणता ‘सुप्त झाला’ म्हणतात आणि तपासण्या चालू ठेवतात. यात कुठलीही पावडर नव्हती.

मग वैद्यांकडे जाऊच नये का?

जरूर जा, फक्त नोंदणीकृत, बीएएमएस झालेल्या वैद्यांकडे जा. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. चांगला वैद्य तुमचे रिपोर्ट मागतो, चालू गोळ्या विचारतो आणि आहार-चालण्याबद्दल औषधापेक्षा जास्त बोलतो. सुश्रुतांनी प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या विकारांच्या, रुग्णाला शंभर योजनं चालायला आणि विहिरी खणायला सांगितलं आहे. चरकांनी जव खायला सांगितले आहेत. ही शिकवण बाटलीत भरता येत नाही म्हणून तिची जाहिरात होत नाही. पहिल्याच भेटीत सगळ्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडून मात्र उठून या.

आसवं, अरिष्टं, च्यवनप्राश शुगरमध्ये चालतात का?

आसव-अरिष्टांत गूळ असतो आणि ती आंबवलेली असतात, म्हणजे थोडा अल्कोहोलही आलाच. च्यवनप्राशात साखर मुख्य घटकांपैकी एक आहे. ‘शुगर फ्री’ घेतलात तरी मागची घटकांची यादी वाचा.

डॉक्टर ओरडतील म्हणून सांगत नाही. काय करू?

समजतं मला. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, त्यात ओरडा कोणाला हवा असतो? आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका नवऱ्याला रोज काढा देतात, आणि ते डॉक्टरांना ठाऊक नसतं. मग शुगर उतरली की डॉक्टरांना वाटतं गोळी लागू पडली, चढली की ते गोळी वाढवतात. काढा मध्येच संपतो आणि सगळा हिशोब चुकतो.

तोंडाने सांगणं जमत नसेल तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा: नाव, किती, कधीपासून. डब्याच्या चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि फोन पुढे करा. एवढ्याने पुरतं. ऑपरेशन ठरलं असेल, मोतीबिंदूचंसुद्धा, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे समजायलाच हवं. साधारण दोन आठवडे आधी अशी पूरकं बंद करायला सांगतात. आणि डॉक्टरांना सांगवतच नसेल तर तुमच्या मेडिकलवाल्याला सांगा. दोन औषधांचं भांडण आम्हालाही ओळखता येतं.

लेबलवर काय बघायचं?

आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख, मुदत आणि प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम ते. अन्न-पूरक म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक, आणि मग त्याच डब्यावर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा आणि समोरच्या बाजूच्या दाव्याशी ताडून बघा.

तरीही घेऊन बघायचंच आहे. कसं घेऊ?

एका वेळी एकच वस्तू. चालू गोळ्या तशाच. सुरू करण्याआधी एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी करून आकडे लिहून ठेवा. पहिले दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. आहार आणि चालणं तेच असताना आकडा हलला नसेल तर पैसे वाचवा. हलला असेल तर रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा, गोळी कमी करायची का ते त्यांना ठरवू द्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, यकृत-किडनीचे रुग्ण, अवयव बदललेले आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणारे यांनी हा प्रयोग करू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांनीही नको, रात्री शुगर उतरली तर बघायला कोणी नसतं.

खरं सांगू का, गोळ्या परवडत नाहीत म्हणून काढा घेतो.

हे सांगितलंत ते फार बरं केलंत, कारण यावर उपाय आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या जुन्या गोळ्या स्वस्तच आहेत, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपल्यावर त्यांच्या किमती बऱ्याच खाली आल्या. जुनं प्रिस्क्रिप्शन तसंच चालवत असाल तर स्वस्त पर्याय विचारा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय इथेही तपासणी होते. हजार-दीड हजाराचा महिन्याचा ‘हर्बल कोर्स’ घेणाऱ्या घरात गोळ्यांचा खर्च कितीतरी कमी निघतो, हे मी बिलं समोर ठेवून दाखवलेलं आहे.

त्रास झाला तर कुठे कळवायचं?

आधी डॉक्टर, मग तक्रार. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते, त्यासाठी रुग्णाचं पूर्ण नाव द्यावं लागत नाही. भेसळीचा किंवा गॅरंटीच्या जाहिरातीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. उरलेल्या गोळ्या, डबा, बिल फेकू नका, पुडी असेल तर आहे तशी बंद करून ठेवा. तपासायला नमुना लागतो.